‘चालत जा’ म्हणजे सल्ला नव्हे

बडोद्याला, दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आईला साठीनंतर मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी कोणती, किती, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहून दिलं. व्यायामाबद्दल दोनच शब्द: ‘चालत जा.’ आई कमाटी बागेत जाऊ लागली, आठवड्याभरात गुडघा सुजला, चालणं बंद. पुढच्या खेपेला तिला कुणी त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायामाचा सल्ला कसा द्यायचा, याचे तास इथेही मेडिकलला अपुरेच आहेत. पण रुग्णाशी बोलणं मात्र इथे शिकवतात. रुग्णाची भूमिका करणारा माणूस समोर बसवतात आणि परीक्षाही तशीच घेतात. व्यायामाचा सल्लाही असाच घटवून घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

माझा भाचा बडोद्यातच एमबीबीएस करतोय. तो म्हणाला, ‘‘आत्या, आम्हाला योग असतो की!’’ असतो, आणि चांगलंच आहे. पण त्याने त्याचं शरीर लवचीक होईल. आजीला काय सांगायचं ते कसं कळणार?

मावसभाऊ डॉक्टर आहे. त्याचं म्हणणं, ओपीडीत माणशी दोन मिनिटं मिळतात. ती गर्दी मी पाहिली आहे, त्याचं खोटं नाही. पण दोनच मिनिटं असतील तर काय बोलायचं ते आधीच तयार नको का? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही, इतपत दम. दोन दिवस ताकदीचे व्यायाम, वय झालं असेल तर तोल सांभाळण्याचेही. गुडघा दुखतो? मग आधी तो तपासा, आणि सोसेल तशी खुर्चीवरून उठबस. हे सांगायला किती वेळ लागतो?

आणि हे बडोद्याला नवं का वाटावं? तिथल्याच प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले, १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारं कैवल्यधाम काढलं. नवख्याला पहिल्याच दिवशी शंभर जोर काढायला लावू नयेत, हे कुठल्याही आखाड्यातल्या वस्तादाला कळतं. दवाखान्यात मात्र सगळ्यांना एकच ‘चालत जा’.

भाच्याला मी काम दिलंय. रविवारी आजीसमोर बसायचं, घड्याळ लावून दोन मिनिटांत तिला सल्ला द्यायचा. आजी रुग्ण व्हायला तयार आहे. गुडघ्याचं मात्र ती विचारल्याशिवाय सांगणार नाही.