पाद्रीणबाई आणि तिच्या टेबलाभोवतीची माणसं

काल रात्री परत ‘द व्हिकर ऑफ डिब्ली’ ही बीबीसीची जुनी विनोदी मालिका लावली. कितव्यांदा ते विचारू नका, नवऱ्याने मोजणं कधीच सोडलंय. आणि परत तेच झालं. ग्रामसमितीची बैठक सुरू झाली, टेबलाभोवतीचे चेहरे दिसले आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की यातलं जवळजवळ कुणीच आता नाही. ओवेन झालेले रॉजर लॉइड-पॅक 2014 मध्ये गेले. लेटिशिया झालेल्या लिझ स्मिथ 2016 मध्ये, ॲलिस झालेली एमा चेंबर्स आणि फ्रँक झालेले जॉन ब्लूथल दोघेही 2018 मध्ये, जिम ट्रॉट म्हणजे ट्रेव्हर पीकॉक 2021 मध्ये आणि डेव्हिड हॉर्टन म्हणजे गॅरी वाल्डहॉर्न 2022 मध्ये. आता पाद्रीणबाई झालेली डॉन फ्रेंच आणि ह्यूगो झालेले जेम्स फ्लीट, एवढे दोघेच उरले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्सफर्डशरमधलं डिब्ली नावाचं काल्पनिक खेडं. म्हातारे पाद्री वारतात, गाव नव्या पाद्रीची वाट बघत बसतं आणि भर पावसात दारात उभी राहते एक गुटगुटीत, बडबडी, चॉकलेटवेडी बाई. जेराल्डीन ग्रेंजर. गावचे धनाढ्य जमीनदार आणि समितीचे अध्यक्ष डेव्हिड हॉर्टन यांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होतो. पुढे काय, तर फार काही नाही. बैठका, चहा, नाताळ, लग्नं, एक मयत.

या मालिकेला लोक ‘गोडगोड’ म्हणतात ना, ते मला पटत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या धर्मसभेने स्त्रियांना पाद्री होऊ द्यायचं ठरवलं ते नोव्हेंबर 1992 मध्ये. सामान्य, म्हणजे पाद्री नसलेल्या सभासदांच्या गृहात दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता, इतकं ते काठावर होतं. 12 मार्च 1994 रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये पहिल्या 32 जणींना दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला बीबीसीवर पहिला भाग लागला. म्हणजे घराघरात, चर्चाचर्चात भांडणं चालू होती, काही पाद्री राजीनामे देत होते आणि मालिकेचा लेखक रिचर्ड कर्टिसने त्याच तव्यावर भाकरी टाकली. जोय कॅरल नावाच्या खऱ्या पाद्रीणबाईंकडून त्याने बारकावे समजून घेतले होते. पण भाषण एकही नाही! जेराल्डीन डेव्हिडशी तावातावाने वाद घालून जिंकत नाही. ती फक्त जात नाही. रोज दिसते, चहा पिते, त्याच्या मुलाची बाजू घेते, त्याला टोमणे मारते. शेवटी हाच माणूस तिला लग्नाची मागणी घालतो. ज्याला हे गोडगोड वाटतं त्याने एकदा आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोधकाचं मत बदलून दाखवावं.

आमच्या आईला मात्र यात नवल काहीच वाटलं नाही. ती पुण्याची. आमच्या घराची वास्तुशांत ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या बाईंनी केली होती. ‘त्यात काय, आपल्याकडे आल्याच होत्या की बाई,’ म्हणाली आणि पुढचा भाग लाव म्हणाली. जिम ट्रॉटचं ‘नाही नाही नाही नाही... हो’ तिने असं उचललं की आता फोनवर तब्येत विचारली तरी तेच उत्तर येतं. तिची लाडकी मात्र लेटिशिया, कारण तिचे केक. त्यात काय घातलंय हे विचारायचं नाही आणि घास तोंडात गेल्यावर चेहरा बदलू द्यायचा नाही. आई म्हणते, अशी एक काकू आपल्या वाड्यातही होती, नाव नको घेऊस.

लेटिशिया जाते तो ईस्टरचा भाग मी दर वेळी एकटीच बघते. ईस्टरला ससा येऊन अंडी ठेवून जातो अशी तिकडे मुलांची समजूत. दर ईस्टरला सशाचा वेष घालून गावात गुपचूप ती अंडी ठेवणारी ती, आणि मरणाच्या दारात ते काम ती एकेकाकडे सोपवते. एकेकाकडे म्हणजे प्रत्येकाकडे. पहाटे सगळं गाव ससा होऊन बाहेर पडतं. फ्रँकचा भाग तर अजून निराळा. इतिवृत्त लिहिणारा, अर्धविरामावर अडणारा, आयुष्यभर एकटा राहिलेला म्हातारा. गावच्या रेडिओवर त्याला वेळ मिळतो आणि आपल्याला पुरुष आवडतात हे तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलतो. हा काय रटाळ बोलणार म्हणून गावाने रेडिओ बंद केलेला असतो. यावर हसायचं की रडायचं हे मालिका सांगत नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते.

दोष नाहीत का? आहेत. जेराल्डीनच्या जाडीवरचे विनोद आज घशात अडकतात. निम्मे ती स्वतःच करते, तरी. आणि ओवेनचे जनावरांबद्दलचे विनोद सासूबाई शेजारी असताना बघू नयेत, हा अनुभवाचा सल्ला.

एक आडवळण घेते. वाँटेज नावाचं गाव आहे, आज तेही ऑक्सफर्डशरमध्येच येतं. तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या नावाच्या मठात 1883 मध्ये आपल्या पंडिता रमाबाई राहिल्या, वाँटेजमध्येच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. रमाबाईंनी सुनावलं की माझ्या वडिलांना किंवा नवऱ्याला कधी हरकत वाटली नाही, ती इंग्रजांना वाटावी याचं आश्चर्य वाटतं. मठात त्यांच्या मार्गदर्शक होत्या त्या सिस्टरचं नाव जेराल्डीन. निव्वळ योगायोग, मला माहीत आहे. पण टीव्हीवर डेव्हिड हॉर्टन ‘बाई कशी चालेल’ म्हणून फुरफुरतो तेव्हा मला ते बिशप दिसतात.

मागच्या उन्हाळ्यात आई इथे इंग्लंडला माझ्याकडे आली तेव्हा तिला टर्विलला नेलं. बकिंगहॅमशरमधलं हे खेडं म्हणजे पडद्यावरचं डिब्ली. टेकडीवर पवनचक्की, खाली चार घरं, एक पब आणि गारगोटीच्या भिंतींचं चर्च, तेही सेंट मेरी द व्हर्जिनच. आईने सवयीने दारातच बूट काढले. आत एक आजी फुलं रचत होत्या, त्या लगबगीने म्हणाल्या, राहू द्या, फरशी गार आहे. आई मराठीत म्हणाली, ‘असू दे हो, मोजे आहेत,’ आणि दोघींना एकमेकींचं बरोबर कळलं.

मग आई टेबल शोधायला लागली. तो दिवाणखाना, ते टेबल स्टुडिओतलं होतं, इथे नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिने चर्चमधले सगळे बाक तरीही बघून घेतले. निघताना भेट देणाऱ्यांच्या वहीत तिने नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि अभिप्रायाच्या रकान्यात ठळक देवनागरीत लिहिलं: ‘छान आहे. चहा कुणी विचारला नाही.’