चिमटीतला कॉम्प्युटर

किबोर्डवर चहा सांडला, आणि तोही आमच्या घरचा, म्हणजे निम्मी साखरच. स्पेसबार एकदा दाबला की वर यायचं नाव नाही. नवीन आणायला निघालो तर इंजिनिअरिंगचा भाचा म्हणला, "मामा, किबोर्ड कशाला पायजे, हवेत हातानं चालवा की!" आणि रात्रभर बसून पायथनमधला प्रोग्रॅम, वेबकॅम आणि गूगलचं ते हात ओळखणारं मीडियापाईप असलं कायतरी जोडून दिलंन. कॅमेऱ्याला हात दिसला की त्यावर २१ ठिपके धरतंय, मनगटाचा एक आणि बोटाला चार-चार. तर्जनी हलवली की कर्सर हलतो, अंगठा-तर्जनीची चिमूट केली की क्लिक. टायपिंगला स्क्रीनवरच किबोर्ड, एकेक अक्षर चिमटीनं वेचायचं.

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. पयल्या दिवशी दहा मिनिटांत खांदा भरून आला. भाचा खुशीत म्हणतोय, ह्याला गोरिला आर्म म्हणत्यात, उभ्या टचस्क्रीनचापण हाच घोळ होता. म्हणजे दुखण्याला नाव हाय, औषध नाही. आई दारातनं बघत हुती, म्हणली, "माशा मारालाईस व्हय रं?"

पण खरी पंचाईत वेगळीच. माऊस सोडला की गप पडतो, हाताचं तसं नाही, कॅमेऱ्यासमोर असला की तो बोलतोयच! कान खाजवा, चष्मा वर सारा, डास हाणा, सगळं त्या बाबाला हुकूमच वाटतंय. पूर्वी बाजारात रुमालाखाली नुसती बोटं धरून भाव ठरायचे, तिथं कुणाचा गैरसमज झाला नसंल तेवढा हितं एका सकाळी झाला.

त्यात संध्याकाळी बायकोनं भडंगाची ताटली आणून ठेवली. आता भडंग बकाणा भरून खायचं असतंय हे मान्य, पण मला आधी त्यातले शेंगदाणे वेचून खायची सवय, आणि शेंगदाणा कशानं उचलतात? चिमटीनं. बार्शीच्या शेठना मेल लिहीत होतो, "हळद पाठवतोय, पैसे नक्की सोमवारपर्यंत द्या." डाव्या हातानं शेंगदाणा, उजव्या हातानं अक्षर असं बरं चाललं होतं, "हळद पाठवतोय, पैसे न" इथवर आलो, उजवा हात अवघडला म्हणून खाली घेतला आणि डाव्यानं एक चांगला खरपूस दाणा उचलला. कर्सर कधी डाव्या हाताच्या मागं लागून सेंडवर जाऊन बसला कळलंच नाही. गेली मेल.

पाच मिनिटांत शेठचा फोन. "हळद राजापुरी जातीचीच हाय न्हवं? मग काय, पाठवा पाठवा, पैशाचं तुम्हीच न म्हणलाय म्हणल्यावर आमी काय बोलणार!"

मी उभा राहून "अहो शेठ, तो न नकाराचा नव्हं, नक्कीचा" म्हणून हात वाऱ्यावर उडवून उडवून समजावतोय, आणि समोर स्क्रीनवर मार्च महिन्याच्या हिशेबाची फाईल हळूच उचलली जाऊन रिसायकल बिनकडं निघालीय.