गटारातले फोटो

लंडनच्या गटारात उतरून फोटो काढणारी काही हौशी मंडळी मी इन्स्टाग्रामवर बरीच वर्षं फॉलो करतोय. मांडीपर्यंत रबरी बूट, कपाळावर टॉर्च, रात्री दोनला झाकण उचलायचं की आत! १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सच्या घाणीनं पार्लमेंटला नाक मुठीत धरायला लावलं, तेव्हा कुठे इंजिनिअर बॅझलजेटला गटारांसाठी पैसे मिळाले आणि शहराखाली विटांचे बोगदे झाले. त्या कमानी फोटोत अशा देखण्या दिसतात की खालून काय वाहतंय याचा विसर पडतो.

बहिणीकडे लंडनला गेलो तेव्हा हट्टानं रे स्ट्रीट गाठली. तिथे एका पबसमोर रस्त्यात जाळी आहे. खाली फ्लीट नदी. हॅम्पस्टेडच्या तळ्यांकडून येते, ब्लॅकफ्रायर्सला थेम्समध्ये जाते, मधली सगळी गाडलेली. आता गटारच ते. गाडी येत नाहीसं बघून मी सरळ गुडघे टेकले आणि कान लावला. खळखळ! पावसाळ्यात कात्रज घाटात ऐकू येते तशी. "मामा, ऊठ ना, लोक बघतायत," भाची.

पण हे फोटो बघताना अलीकडे एक खटकतं. त्यात माणूस नसतो. असला तर फोटो काढणारा स्वतःच, पाठमोरा, टॉर्च घेऊन. पॅरिसच्या नादारनं १८६०च्या दशकात विजेचे दिवे खाली नेऊन तिथल्या गटारांचे आणि हाडांनी भरलेल्या भुयारांचे फोटो काढले. एकेका फोटोला इतकी मिनिटं लागत की जिवंत माणूस हलायचाच. मग त्यानं भुयारात कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. म्हणजे माणूस हवा, पण न हलणारा.

आपल्याकडे गटारात हौसेनं कोण उतरणार? इथे पोटासाठी उतरतात. थोडा गॅस असला की कुजक्या अंड्यांचा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला, हवा बरी आहे असं वाटतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३चा कायदा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला आत उतरवणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आपल्याकडच्या गटाराच्या फोटोत माणूस नसेल तर तो फोटो खोटा, असं माझं मत होतं.

होतं. कारण गेल्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीचं चेंबर तुंबलं. पाण्याच्या जोरानं गटार मोकळं करणारी जेटिंगची गाडी बोळात शिरत नाही म्हणून चेअरमननी एकाला बोलावलं. बनियन, कंबरेला दोरी, हातात बांबूची पट्टी. मी म्हणालो, "असं उतरवू नका." "पाच मिनिटांचं काम आहे हो," चेअरमन म्हणाले. मी पुढे काही बोललो नाही. मोबाइल मात्र काढला.

तो छातीपर्यंत आत होता. वर बघून म्हणाला, "साहेब, चेहरा नको. पोरगी कॉलेजला हाय. तिला म्हाईत न्हाई मी ह्यात उतरतो ते."

तो गेल्यावर मी झाकणाचा फोटो काढला. नुसत्या झाकणाचा.