‘निसर्गाचं औषध अपाय करत नाही’: गुहागरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, रक्ताच्या कर्करोगावरच्या (ल्युकेमिया) ॲस्परजिनेज या इंजेक्शनवर मी लेख लिहिला, त्यावर ‘ॲस्परजिनेजवरचा लेख माणसांना घाबरवतो. जिवाणूंचं प्रोटीन म्हणजे निसर्गाचं औषध, ते अपाय करत नाही. कुणाचे पैसे घेऊन लिहिता?’ असं आपण विचारलंत. ही बोलायची रीत नव्हे. घरात ल्युकेमियाचं मूल असलेले आईबाप हे वाचतात, त्यांच्यासमोर तरी तोंड आवरा. या औषधाच्या अमेरिकेतल्या मान्यतेचं वर्ष 1978, मी 1987 लिहिलं होतं. तेवढी चूक आपण बरोबर पकडलीत, दुरुस्त केली.

आता ‘अपाय करत नाही’ हे. फुरसं चावल्यावर देतात ती लस घोड्याच्या रक्तातून येते, म्हणजे निसर्गाचीच. मग ती चढवताना ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जी आवरणारं इंजेक्शन) हाताशी का ठेवतात? परकं प्रोटीन शरीर ओळखतं; अंगावर गांधी उठतात, दम लागतो. ई. कोलाय जिवाणूंचं ॲस्परजिनेजही परकंच. ते रक्तातलं ॲस्परजिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, तोडतं. ल्युकेमियाच्या पेशींना ॲस्परजिन स्वतः पुरेसं बनवता येत नाही, त्या उपाशी मरतात. औषध चांगलंच आहे. पण पहिली सुई सुखरूप गेली म्हणून निर्धास्त होता येत नाही. रिॲक्शन बहुधा पुढच्या डोसांना येते, म्हणून दर वेळी तासभर बसवून ठेवतात. कधी अंगावर काहीच उठत नाही, पण अँटीबॉडी आतल्या आत औषध निकामी करतात. पोटातली कळ पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. गॅस समजून ओवा चघळायला देऊ नका, लगेच दवाखाना गाठा.

कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची. मुंबईहून आणताना थेट बर्फाला टेकून गोठली, तर वाया गेली. पाणी घातल्यावर हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि प्रोटीन बिघडतं. पंधरा वर्षं हे औषध मी हाताळतो आहे, व्हॉट्सॲपवर वाचून लिहीत नाही.

अझुरिन या जिवाणूंच्याच प्रोटीनची पावडर कर्करोगावर तोंडाने घ्या, असा जो मेसेज फिरतो आहे, त्याबद्दल एवढंच सांगतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांच्या गटाने ज्यावर काम केलं, त्या अझुरिनमधला 28 अमिनो आम्लांचा तुकडा पहिल्या टप्प्याच्या चाचणीत 15 रुग्णांना शिरेतून दिला होता. तोंडाने घेतलेलं प्रोटीन पोटात सुरमईच्या तुकडीसारखं पचून जातं. बाकीचा वाद राहू द्या. तो पावडरीचा मेसेज मात्र कृपा करून पुढे पाठवू नका.