'पित्त झालंय' म्हणण्याआधी

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी काम करते. डोकं दुखतंय म्हणून पेशंट आला की सोबतच्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य हमखास येतं, "मॅडम, पित्त झालंय." आज या शब्दाबद्दल लिहायचंय, कारण या शब्दापायी फार मोलाचे तास जातात.

श्रावणातल्या एका सोमवारी रात्री साडेनऊला धनकवडीहून एक ताई आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. कपाळाला ओढणी करकचून बांधलेली, बामाचा वास, हातात उलटीसाठी पिशवी, उजेड नकोसा. नवऱ्यानं सांगितलं, उपास आहे, चहाशिवाय पोटात काही नाही, दोनदा पित्त पडलं. सकाळी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, दुपारी थोडं बरं वाटलं. ऐकणाऱ्याला सगळं पटावं असंच होतं.

मी विचारलं, "ताई, दुखायला लागलं त्या क्षणी काय करत होता?" डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "सकाळी सात वाजता पाण्याची बादली उचलली आणि मानेवर घण बसला. बादली तिथंच सांडली." हनुवटी छातीला लावून बघा म्हटलं, तर मान वाकेना.

डोकं किती दुखतंय यापेक्षा ते कसं सुरू झालं हे मला आधी कळायला हवं असतं. मायग्रेन सहसा हळूहळू चढतो. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेली डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. कॅनडातल्या डॉक्टरांनी यासाठी 'ओटावा नियम' बांधला: वय ४० किंवा जास्त, मान दुखणं किंवा आखडणं, मान पुढे न वाकणं, कुणाच्या देखत शुद्ध हरपणं, जोर लावताना सुरू होणं, विजेसारखं कोसळणं. अचानक उठलेल्या डोकेदुखीत यातलं एक जरी असेल तरी पेशंटला तपासणीशिवाय घरी पाठवायचं नाही.

ताईंचा सिटी स्कॅन नॉर्मल आला. इथेच घोळ होतो. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर असा रक्तस्राव जवळजवळ सुटत नाही, पण नंतर रक्त पातळ होत जातं आणि स्कॅन फसवू शकतो. आमच्याकडे साडेचौदा तास उलटले होते. मग पाठीतलं पाणी तपासायला हवं. ते म्हटलं की घरचे हादरतात, माणूस अपंग होतो अशी भीती पक्की बसलेली. ही सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. यात अर्धा तास गेला, आणि पहिल्या २४ तासांत मेंदूतली फुटलेली शीर पुन्हा फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. पाणी पिवळसर निघालं, म्हणजे त्यात रक्त मिसळलेलं होतं. अँजिओग्राफीत शिरेवरचा फुगा दिसला आणि त्याच रात्री पुढची धावपळ सुरू झाली.

इंजेक्शननं आराम पडला म्हणजे काळजीचं काही नाही, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. रक्तस्रावाचं दुखणंही पेनकिलरनं तात्पुरतं दबतं.

उलट ज्यांचा मायग्रेन वर्षानुवर्षांचा, नेहमीसारखाच आहे, त्यांच्यासाठी स्कॅनचा हट्ट धरू नका. त्यांना अंधारी खोली, शिरेतून उलटीचं औषध आणि साधं वेदनाशामक द्यावं. ट्रामाडॉलसारखी गुंगीची इंजेक्शनं देऊन पाठवणं मला मुळीच मान्य नाही. दुखणं उलटतं आणि माणूस त्या इंजेक्शनसाठी परत येतो. ताप आणि आखडलेली मान, बाळंतपणानंतरची नवी डोकेदुखी, पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणं, लाल डोळा आणि दिव्याभोवती वलयं, यांना मात्र थांबायला वेळ नाही. आणि घरातल्या दोघांचं डोकं एकदमच धरलं तर आधी गॅस गीझर बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या. गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पसरलेला असू शकतो, आणि त्यात बोटाला लावायचं मशीन तरीही ऑक्सिजन ९८ दाखवत राहतं.

ताई वाचल्या. फेरतपासणीला आल्या तेव्हा त्यांचा नवरा दाराशीच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ती मला सकाळीच म्हणाली होती, बादली सांडली म्हणून. मी फरशी पुसून घेतली."