घरांचे पंचनामे होतात, डोंगराचा कोण करणार?

दरड म्हटली की आपल्याला माळीण, तळिये, इर्शाळवाडी आठवते. म्हणजे पाऊसच आठवतो. त्यामुळे भूकंपाची बातमी आली की आपण दोनच गोष्टी विचारतो: किती रिश्टर आणि घरं किती पडली? वरच्या डोंगराचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

१५ ऑगस्ट १९५०. देश झेंडावंदन करून घरी परतलेला आणि संध्याकाळी तिबेटच्या सीमेवर रिमाजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. भर पावसाळा, डोंगर आधीच भिजलेले. उतारावरची माती आणि खडक घर्षणाच्या आणि कणांच्या आपसातल्या चिकटपणाच्या पकडीवर टिकून असतात. धक्क्याने त्यांना आडवा रेटा बसतो, मातीत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ती पकड सुटते. शिवाय भूकंपाच्या लाटांचा जोर डोंगरमाथ्याशी वाढतो, म्हणून अशा दरडी पुष्कळदा अगदी माथ्याजवळून सुटतात.

तिकडे उतारच्या उतार सोलून निघाले. दरडीने सुबनसिरी ही ब्रह्मपुत्रेची उपनदी अडली, मागे पाणी तुंबत गेलं. आठ दिवसांनी तो बांध फुटला. सात मीटर उंच लाट खालच्या गावांवर आली आणि ५३२ माणसं गेली. आठ दिवस! भूकंपातून वाचलेली माणसं होती हो ही.

एवढ्यावरही भागलं नाही. डोंगरांचा गाळ ब्रह्मपुत्रेत उतरला, आसामातल्या दिब्रुगडजवळ नदीचं पात्र वर आलं आणि पुढच्या काही वर्षांत नदीने शहराचा मोठा भाग कापून नेला. जे उतार तेव्हा पडले नाहीत, पण आतून तडकले, ते नंतरच्या पावसाळ्यांत खाली येतात. त्यांची नोंद मात्र 'अतिवृष्टी' म्हणून होते. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. डोंगराळ भागात मोठा भूकंप झाला की पुढचे काही पावसाळे त्याच आपत्तीत धरायला हवेत, आणि घरांच्या आधी नद्यांच्या वरच्या खोऱ्यांची हवाई पाहणी व्हायला हवी.

हे जमतं. २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर चीनमध्ये तांगजियाशानला असाच दरडीचा तलाव तयार झाला होता. सैन्याने चर खणून पाणी काढलं, खालच्या दोन लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवलं. तो पूर एकही बळी न घेता गेला. (भूकंपातल्या दरडींनी मात्र तिथे हजारो माणसं घेतली होती.)

आपल्याकडून दरवर्षी हिमालयात जाणाऱ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: भर पावसात नदीचं पाणी एकाएकी कमी झालं, तर फोटो काढायला पात्रात उतरू नका. वर कुठेतरी ती अडलेली असू शकते. सरळ चढाच्या बाजूला निघा आणि वाटेत भेटेल त्याला सांगा.