टोपी, तुळई आणि कात्री: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून बोळवण करत नाही. मागच्या लेखात मी अलँ रेने यांच्या 'नुई ए ब्रुयार' (रात्र आणि धुकं) या नाझी छावण्यांवरच्या ३२ मिनिटांच्या माहितीपटाला फ्रेंच सेन्सॉरने काय करायला लावलं ते लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. एका पोलिसाच्या टोपीवरून एवढा गहजब कशाला, पिक्चर तर लागला ना? नग्न देह आणि प्रेतांचे ढीग दाखवणं ही मेलेल्यांची विटंबनाच, तिथे कात्री लागली तर बिघडलं कुठे? आणि 'बवाल' हा हिंदी चित्रपट काढून टाकायची मागणी झाली तेव्हा कलास्वातंत्र्यवाले कुठे होते?

टोपीपासून सुरुवात करू, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात एक स्थिर छायाचित्र येतं. फ्रान्समधली पितिविएची छावणी म्हणून ते दाखवलंय. पुढे एक पहारेकरी उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर केपी, म्हणजे जांदार्मची, फ्रेंच सशस्त्र पोलिसाची, ती गोल, चपटी, पुढे झडप असलेली टोपी. बाकी चित्रात काही भयंकर नाही. रक्त नाही, प्रेत नाही, नग्नता तर नाहीच. तरी सेन्सॉरला खुपलं ते हेच. रेने चित्र काढेनात, शेवटी तडजोड म्हणून टोपीवर रंगाने एक काळी तुळई ओढली गेली. शेवटच्या भागातल्या प्रेतांच्या दृश्यांवरही आक्षेप होता, ती मात्र राहिली. सेन्सॉरला जास्त कशाची भीती वाटली ते यावरून तुम्हीच ठरवा.

टोपी गेली की काय जातं? जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं ते फ्रेंच पोलिसांनी, जर्मनांनी नव्हे. कुटुंबंच्या कुटुंबं आधी वेलोद्रोम दिव्हेर या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडली आणि मग पितिविए आणि बोन-ला-रोलांदच्या छावण्यांत नेली. तिथे मुलांना आयांपासून तोडलं. पहाऱ्यावर फ्रेंच जांदार्म. टोपी झाकली की प्रेक्षक त्या पहारेकऱ्याला आपसूक जर्मन समजतो. एकही शब्द खोटा न बोलता इतिहास बदलतो. फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी, ज्याक शिराक यांनी, या अटकसत्रातली फ्रेंच राज्याची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली ती १६ जुलै १९९५ला. आणि त्या छायाचित्रातली टोपी उघडी झाली १९९७च्या सुधारित प्रतीत. म्हणजे 'पिक्चर लागला ना' हे खरं, पण त्यातला तेवढा भाग लागायला चाळीस वर्षं गेली.

कान चित्रपट महोत्सवाचंही तेच. १९५६ साली हा माहितीपट तिथे निवडला गेला होता. पश्चिम जर्मनीच्या वकिलातीने नाराजी कळवली आणि फ्रेंच सरकारने तो स्पर्धेतून काढून घेतला. ओरड झाल्यावर तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला. स्वित्झर्लंडने तटस्थतेचं कारण देऊन बंदी घातली. (तटस्थ कोणाच्या बाबतीत, हे विचारायची सोय नव्हती.) गंमत म्हणजे त्याच पश्चिम जर्मनीसाठी लगेच जर्मन आवृत्तीही तयार झाली आणि निवेदनाचं भाषांतर केलं पाउल त्सेलान या कवीने, ज्याचे आईवडील नाझींच्या तावडीत मेले होते.

बरं, सगळी कात्री सरकारचीच असते असंही नाही. या माहितीपटाचं निवेदन लिहिणारे जाँ केरोल स्वतः माउटहाउझेनच्या छावणीतून वाचलेले. तरी मूळ फ्रेंच निवेदनात 'ज्यू' हा शब्द फक्त एकदा येतो, ॲमस्टरडॅमच्या श्टेर्न नावाच्या विद्यार्थ्याबद्दल. कोणी खोडला नव्हता. त्या काळी फ्रान्समध्ये सगळ्या कैद्यांची गोष्ट एकच म्हणून सांगायची पद्धत होती. असली पोकळी सेन्सॉरच्या कुठल्याही नोंदीत सापडत नाही.

अमेरिकेत कात्री जाहिरातदाराच्या हातात होती. १९५९मध्ये सीबीएस वाहिनीवर नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचं नाटक दाखवलं गेलं. प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती. गॅसच्या भट्ट्यांचा उल्लेख आला की आवाज बंद. नटाचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र नाही. घरगुती शेगडीचा खप पडू नये म्हणून!

आता तुमचा दुसरा मुद्दा, आणि तो मला तितका सहज उडवून लावता येत नाही. मृतदेहांचं चित्रण करावं का, यावर जाणकारांतच मतभेद आहेत. क्लोद लान्झमान यांनी १९८५च्या 'शोआ'त, ज्यूंच्या संहारावरच्या साडेनऊ तासांच्या माहितीपटात, छावण्यांचं एकही जुनं चित्रण वापरलं नाही. पण तो दिग्दर्शकाने स्वतःवर घातलेला नियम. त्याभोवती त्याने अख्खा चित्रपट रचला. बाहेरून येणारी कात्री रचना बघत नाही.

'द पॉनब्रोकर' हा अमेरिकी चित्रपट घ्या. हार्लेममधला एक गहाणवटीचा दुकानदार, छावणीतून वाचलेला. दुकानात आलेली एक बाई त्याच्यापुढे छाती उघडी करते आणि त्याला छावणीत विवस्त्र केलेली बायको आठवते. ती आठवण आधी डोळ्याची पापणी लवावी इतक्या थोड्या चौकटींत चमकून जाते, मग तुकडे लांबत जातात. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेत नग्नतेला मुळी परवानगीच नव्हती. आता ती बाई कापा. आठवण कुठून आली तेच कळत नाही, अख्खी जोडणी ढासळते. दोन मिनिटं वाचवायला जाऊन वीस मिनिटं निकामी होतात. शेवटी १९६५मध्ये अपिलात खास अपवाद म्हणून त्याला मंजुरी मिळाली. कॅथलिक 'लीजन ऑफ डीसेन्सी'ने तरीही त्याला निषिद्ध ठरवलंच.

आपल्याकडे याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, १ मे १९९६चा, 'बँडिट क्वीन'बद्दलचा. नग्नता आली म्हणजे वासनाच चाळवते असं नाही, हे सांगताना न्या. भरुचा यांनी 'शिंडलर्स लिस्ट' या ज्यूंच्या संहारावरच्या चित्रपटाचा दाखला योग्य म्हणून उचलला. विकृताला वाचवण्यासाठी किंवा अतिहळव्यांच्या भावना सांभाळण्यासाठी आम्ही सेन्सॉर करत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. एक बारीक गोष्ट: निकालात नग्न स्त्री-पुरुषांना गॅस चेंबरकडे नेण्याचं दृश्य म्हटलंय. प्रत्यक्ष चित्रपटात स्त्री-पुरुष एकत्र नग्न धावतात ते प्लाशोव छावणीतल्या डॉक्टरांपुढच्या निवडीत. आउश्वित्झच्या न्हाणीघरात फक्त बायका आहेत आणि तिथे वरून पाणीच येतं. दोन दृश्यं एकमेकांत मिसळली आहेत. निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही, पण चित्रपट किती बारकाईने पाहायला हवा तेवढं कळतं.

'नुई ए ब्रुयार'मध्ये बुलडोझर प्रेतं ढकलतो त्या दृश्याबद्दल तुम्ही 'नाझींचं क्रौर्य दाखवण्याच्या नादात' असं लिहिलंय. तो बुलडोझर ब्रिटिशांचा आणि चालवणारा ब्रिटिश सैनिक. बेर्गेन-बेल्सेन १५ एप्रिल १९४५ला मुक्त झालं तेव्हा हजारो प्रेतं उघड्यावर होती आणि टायफसची साथ होती. हातांनी पुरणं झेपेना म्हणून यंत्र आणलं.

'बवाल'. जुलै २०२३, थेट प्राइम व्हिडिओवर, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचा संबंधच नाही. नवरा-बायकोच्या कुरबुरीला आउश्वित्झची उपमा देणं मला ओंगळ वाटतं, आणि तसं म्हणणं ही टीका झाली. लॉस एंजेलिसच्या सायमन वीझेन्थाल सेंटर या ज्यू संस्थेने मात्र चित्रपट काढून टाका अशी मागणी केली. ती मला चूक वाटते. ॲमेझॉनने चित्रपट काढला नाही, ते बरं केलं. म्हणजे या बाबतीत तुम्ही मला ज्यांच्यात धरलंय, त्यांच्यात मी नाही.

आणि हो, 'आता कुठली प्रत बघायची' असं तुम्ही शेवटी विचारलंय. जी हाताशी आहे तिच्यात ते पितिविएचं छायाचित्र आलं की थांबवा. पहारेकऱ्याच्या डोक्यावर टोपी स्पष्ट दिसली तर प्रत सुधारलेली. तिथे काळी पट्टी आडवी आली तर समजा, तुमच्या हातात १९५६ची तुळई आहे.